केळीच्या खोलीतलं पिल्लू

शेजाऱ्यांनी केळी पिकवायला गोवऱ्यांची धुरी दिली आहे. तो वास आला की मी अंगणात येरझारा घालत राहतो. थोरली बहीण, अक्का, आता नाही. तिला जे सांगितलं नाही, ते लिहून टाकतो.

नव्वदच्या आसपास फैजपूरला आमची मांजर मेली. मागे डोळेही न उघडलेलं एक पिल्लू उरलं. शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून अक्कानं ते आठ दिवस जगवलं. एका सकाळी मळ्यात निघताना ती म्हणाली, "भाऊ, आज पानटपरीले सुट्टी दे. याले छातीशी धरून बस. गार पडलं तं मरीन."

तासाभरातच माझा जीव टपरीकडे ओढू लागला. केळी पिकवायची बंद खोली घरात सगळ्यांत उबदार. पिल्लाची टोपली तिथे ठेवून मी निघालो. तिथल्या धुराचा विचारच केला नाही. परतलो तेव्हा पिल्लू निपचित पडलं होतं. मी ते गुपचूप पुरलं आणि अक्काला सांगितलं, "बोक्यानं नेलं."

तिनं रिकामी टोपली उचलून कोपऱ्यात ठेवली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "रडू नको. तुह्या हाती काय होतं?"

पिल्लासाठी राखलेल्या दुधाचा तिनं मला चहा करून दिला. मी तो प्यालो.