भोक बुजवणारे साडू

जगात जिथे म्हणून भोक आहे तिथे बोळा कोंबण्यासाठीच आमच्या थोरल्या साडूंचा जन्म झाला आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. सिंदेवाहीकडची पिढीजात धानशेती. खेकड्याने धुरा, म्हणजे शेताचा बांध, पोखरला की भाताच्या बांधीतलं पाणी निघून जातं, ही धास्ती त्यांच्या रक्तातच आहे. "भोक दिसलं का पयले बुजवाचं," असं ते म्हणतात आणि तसंच वागतात. आमच्या घरी मुक्कामाला आले, तेव्हा बेसिनच्या वरच्या कडेला असलेलं भोक त्यांनी न सांगता सिमेंटने बंद केलं. दुसऱ्या दिवशी खालचं बूच लावलेलं असताना नळ चालू राहिला आणि आमच्या बैठकीच्या खोलीत चपला तरंगल्या. साडूंना काडीचाही पश्चात्ताप नव्हता. उलट कारागिराने बेसिनला भोक पाडलंच कशाला, म्हणून तेच माझ्यावर चिडले.

त्यांची एक जुनी बस आहे. आसपासच्या तीन गावांच्या मुली तिने कॉलेजला जातात, कारण सकाळी त्या रस्त्याला दुसरी गाडी नाही. या बसच्या मागच्या दिव्यांत दर पावसाळ्यात पाणी साचायचं. गावच्या तळ्यावर मासे धरणाऱ्या एका गृहस्थाने तर यात माशाची पिल्लं सोडू का, असं गंभीरपणे विचारलं होतं. साडू दिवा उघडत, पाणी ओतून देत, होल्डरच्या पितळेवर चढलेला हिरवा थर पॉलिश पेपरने घासत, नवा बल्ब, नवं रबर बसवत आणि सगळीकडून लांबी, म्हणजे पुट्टी, थापत. पुढच्या पावसात पुन्हा पाणी. मग आणखी लांबी. शेवटी ते दिवे वारुळासारखे दिसू लागले.

गेल्या वर्षी बसच्या आरटीओ पासिंगची तारीख नेमकी पावसाळ्यात आली. दिवे लागले नाहीत तर बस उभी राहणार, आणि बस उभी राहिली तर मुली घरी बसणार. त्यांची स्वतःची उज्ज्वलाही त्यातलीच, शेवटच्या वर्षाला. मला म्हणाले, "साडूभाऊ, एकदा घरी बसली पोरगी का मंग कोणी तिले कॉलेजात नाई धाडत." दोन दिवस ते धड जेवले नाहीत. मलाही त्यांची थट्टा करवेना.

पासिंगच्या आदल्या दिवशी मेहुणीबाई अंगणात चहा घेऊन आल्या. कप ठेवून त्यांनी दिव्याच्या बुडाशी नख फिरवलं, केसांतली पिन काढली आणि लांबी खरवडली. आत कंपनीनेच ठेवलेलं एक बारीक भोक निघालं. पिन आत जाताच साडूंच्या पायावर पाण्याची धार लागली.

"अवो, जास्तीचं पाणी जाले धुऱ्याले वाट ठेवता ना तुमी?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मंग दिव्याले काऊन नाई ठेवली?"

साडूंनी चहा तसाच ठेवला आणि पिन मागून घेतली. नंतर सगळ्या दिव्यांची भोकं त्यांनी स्वतः मोकळी केली. दुसऱ्या दिवशी भर पावसात बस पास झाली.

परवा उज्ज्वला नोकरीसाठी अहेरीला गेली. निरोपाच्या वेळी साडू मात्र कुठे दिसेनात. पाहतो तर बसच्या मागे, दिव्यापाशी वाकून उभे. पाणी साचलं का, म्हणून मी विचारलं.

"नाई. कोरडा आहे," ते तोंड न वळवता म्हणाले.

दिवा खरोखरच कोरडा होता. त्यांचे डोळे मात्र नव्हते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघेही दिव्याकडे पाहत उभे राहिलो. त्या दिवशी त्यांनी काहीच बुजवलं नाही.