न दुखणारं बोट

सोमवार, १८ जून २००७, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. राजुऱ्यात आपल्या गॅरेजमध्ये रहीम पठाण सतरा नंबरचा पाना घेऊन एका चालू डिझेल इंजिनावर वाकले होते. गाडी सावली गावच्या खुशाल डोंगरेची, भाड्यानं चालणारी. इंजिन मधूनमधून झटके देत होतं.

रहीम बावन्न वर्षांचे. तीस वर्षं त्यांची तपासण्याची रीत एकच: इंजिन चालू ठेवायचं, एकेका सिलिंडरच्या पाइपाचा नट सैल करायचा आणि कान द्यायचा. आवाज बदलला तर तो सिलिंडर ठीक, नाही बदलला तर दोष तिथेच. जुन्या इंजिनात सैल नटातून डिझेल फेसाळत यायचं, बोटं भिजायची, फडक्याला पुसली की काम संपलं.

ही गाडी नवी होती. हिच्यात पंप डिझेल एका जाड नळीत दाबून भरतो आणि तिथून चारही सिलिंडरांना पाइप जातात. नळीवरचा सेन्सर दाब मोजून सतत कॉम्प्युटरला कळवतो. दाब कमी भरला की कॉम्प्युटर पंपाची झडप जास्त उघडतो, वाढला की आवळतो. गाडी नुसती उभी राहून चालू असली तरी हा दाब टायरमधल्या हवेच्या शंभरपट असतो. वेग दिला की पाचशेपटीच्या वर जातो.

रहीमनी दुसरा नट अर्धा फेरा सैल केला आणि ओल लागते का ते पाहायला डावा हात खाली नेला. नटापाशी सुटलेली धार केसाएवढी बारीक होती, दिसली नाही. नळीतला दाब पडला, म्हणून कॉम्प्युटरनं झडप आणखी उघडली. दाब तरीही टिकेना, तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं. तोवर तर्जनीला काहीतरी टोचलं होतं.

टोकाला एक ठिपका होता. रक्त नव्हतं. तारेचा काटा असेल म्हणून रहीमनी हात पुसला आणि चहा मागवला. खुशालनं विचारलं, तेव्हा गाडी संध्याकाळी मिळेल म्हणाले.

बारा वाजता बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. एक वाजता ते वाकेना. शेजारच्या दुकानात आलेला लटारू मडावी कोळसा खाणीत माती-कोळसा उपसणाऱ्या शॉवेल मशीनवर फिटर होता. त्यानं बोट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"दुखून राह्यलं का, रहीमभाऊ?"

"नाई. बधिर झालं फक्त."

"म्हणूनच मले भेव वाटते."

खाणीत एका फिटरच्या तळव्यात असंच दाबाच्या धारेनं तेल घुसलं होतं, हे त्यानं सांगितलं. तोही दोन दिवस कामावर आला होता. पुढं त्याच्या हाताचं काय झालं, ते रहीमनी विचारलं नाही.

चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यायला लटारूनं त्यांना मोटारसायकलवर मागं बसवलं. वर्धा नदीच्या पुलावर रहीम उजव्या हातानं डाव्या मनगटापर्यंत चाचपत होते. सूज तळव्यात उतरली होती. इंजिनाच्या आतल्या जागेवरचा न दिसणारा नट ते याच बोटानं शोधत. ते बोट गेलं तर कोणकोणतं काम होणार नाही, हे ते बल्लारपूर येईपर्यंत मनात मोजत राहिले. मग त्यांनी लटारूला विचारलं,

"मधात हात आहे, हे त्या कॉम्प्युटरले समजत नाई का?"

"त्याले फक्त दाब समजते, भाऊ."

चंद्रपुरात सर्जननं टोचल्याची वेळ विचारली, घड्याळाकडं पाहिलं आणि लगेच ऑपरेशनला घेतलं. बोट टोकापासून तळव्यापर्यंत उघडलं, तेव्हा डिझेलचा वास आला. आतलं धुऊन जखम उघडीच ठेवली. बोट राहील का, या प्रश्नावर सर्जन म्हणाले की रंग पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. काळं पडलं तर कापायच्या संमतीचा कागद त्यांनी पुढं केला. रहीमनी दोनदा वाचून सही केली.

मंगळवारी दिवसभर ते पट्टीकडं पाहत होते. आत सगळी बोटं शाबूत आहेत असं वाटत होतं आणि त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. खाटेच्या तक्त्यावर लिहिलं आहे: रात्री बारानंतर खाणं-पाणी बंद. उद्या, बुधवारी, सकाळी साडेआठला ऑपरेशन थिएटरात पट्टी उघडून बोटाचा रंग पाहायचा आहे.