भाड्याची तपेली

वडिलांचा तेरावा उरकला आणि थोरल्या भावाने माझी वाटणी दारात आणून ठेवली: पोचे पडलेली दोन मोठी तपेली. कसब्यातलं तांबटाचं दुकान, भट्टी, जुनी गिऱ्हाइकं, सगळं त्याच्याकडे. वर आळीसमोर म्हणाला, "तुझ्या हातून याहून बरं काय घडणार?" ते मी विसरलो नाही. विसरायचं नव्हतंच.

असली तपेली विकत कोण घेणार? म्हणून ती भाड्याने द्यायचं मनात आलं. नाहीतरी मुंज-लग्नाचे दोन दिवस सोडले तर एवढं तांबं वर्षभर माळ्यावर धूळ खातं. भाऊ पोट धरून हसला. "दुसऱ्याच्या घरचं खरकटं भांडं पुण्यात कोण चुलीवर चढवील रे?"

मेल्याचं म्हणणं खरं होतं. दोन महिने कोणी फिरकलं नाही. मग मी भाता पाठीवर टाकून गिऱ्हाइकाच्याच अंगणात जाऊ लागलो. घरातल्या सोवळ्यातल्या बाईंच्या डोळ्यांदेखत तपेलं निखाऱ्यांवर तापवायचं, आतून कथील फिरवायचं, नवी कल्हई चकाकू लागली की त्यांच्या पुढ्यात ठेवायचं. अग्नीतून निघालेल्या भांड्याला विटाळ कसला? बाई मान डोलवायच्या आणि शेजारणीलाही सांगायच्या. श्रावणातल्या ब्राह्मणभोजनाला तर श्रीमंत पेशव्यांच्या कारभाऱ्यांकडून बोलावणं आलं. दोनाची चार झाली, चाराची चाळीस. प्रत्येकावर मी माझी खूण ठोकली.

हळूहळू मोठं भांडं विकत घेणंच लोकांनी सोडलं. भावाच्या दुकानात हंडे-तपेली रचून पडली, भट्टी थंडावली. मी रोज मुद्दाम त्याच्याच दारावरून जायचो.

शेवटी एका सकाळी तो आला. "माझी भांडी घेतोस का?"

"घेतो दादा. पण तुमची खूण तुम्हीच मोडायची आणि माझी तुम्हीच ठोकायची. इथे ओट्यावर, आळीसमोर."

तो बसला. दिवसभर ठोके पडत राहिले, माणसं थांबून बघत राहिली. मी समोर बसून पान खाल्लं. इतकं गोड पान जन्मात खाल्लं नव्हतं.

दिवेलागणीला शेवटचा हंडा झाला. त्याने घाम पुसला, खाली बघत विचारलं, "उद्या केव्हा येऊ?"

भांडी तर संपली होती. तो काम मागत होता.

"उजाडायच्या आत," मी म्हणालो. "आणि हातोडा तुमचा आणा."