मामांचा छपराचा पूल

आभाळाशी जन्माचं वैर धरलेला माणूस जगात एकच झाला, आणि तो म्हणजे माझे मामा. भोसरीत वेल्डर होते. भर वैशाखातही काखेत छत्री. माझ्या लग्नात तर हॉलच्या आत होमावर छत्री धरून उभे राहिले. भटजी चिडले, तर म्हणाले, "तुमी मंत्र म्हना. पत्र्याचा भरवसा किती, ते मला ठावं हाय." त्यांच्या छत्रीला ठिणग्यांनी इतकी भोकं पडली होती की तिच्याखाली माणूस भिजायचा तो भिजेच, फक्त सावकाश.

हे वेड मामी गेली तेव्हापासूनचं. चाकणच्या पलीकडे आमचं जुनं गाव: पडकी वेस, वर गड, खाली नदी. स्मशान नदीपल्याड. मूलबाळ नव्हतं, म्हणून तिरडीपुढे विस्तवाचं मडकं मामांनीच धरलं होतं. श्रावणातल्या सरीने अरुंद पुलाच्या मध्यावर ते विझलं. घरून पुन्हा निखारे येईपर्यंत मामी तिथेच भिजत राहिली, आणि शेजारी मामा. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी ते दुसरीकडे कुठे गेलेच नाहीत. अँगल जोडत, पत्रे ठोकत त्यांनी अख्ख्या पुलावर छप्पर घातलं.

रविवारी गड चढायला हिंजवडीची पोरं येत आणि पाऊस आला की छपराखाली भजी खात फोटो काढत. कुणी कौतुकाने विचारलंच, तर मामा गोड हसून सांगत, "मढ्यांसाठी घातलंय. रिकामं हाय तवर बसा." भजी तशीच राहत. मला हसू येई.

गेल्या वर्षी वादळात एक पत्रा उडाला. कुणाला लागला नाही, पण गावाने धसका घेऊन सगळेच उतरवले. मामांनी अंथरूण धरलं. एकदा जवळ बोलावून छत्री माझ्या हातात दिली. "तिचा इस्तू इझला. माझा इझू दिऊ नगंस."

आषाढात मामा गेले. पाऊस मुसळधार. एका हातात मडकं, दुसऱ्या हातात ती छत्रीची चाळण घेऊन मी उघड्या पुलावरून चाललो. मध्यावर विस्तव चुरचुरला. मामांचा मला भयंकर राग आला. आयुष्यभर पावसाशी भांडले, पण एक नवी छत्री घेववली नाही! शेवटी मडक्यावर ओणवा झालो आणि तसाच वाकून पलीकडच्या स्मशानाच्या शेडपर्यंत पोचलो. निखारे लाल होते.

चिता पेटली. परतताना पाऊस थांबला होता आणि पुलावर नुसते अँगल उभे होते. हातात मडकं नव्हतं, तरी पूल संपेपर्यंत मला छत्री मिटवता आली नाही.