आतल्या खोलीतले पाहुणे

नाताळ, लायटिंग आणि घरात एकटी राहणारी रिटायर मॅडम, एवढं ऐकलं की तुम्ही मनातल्या मनात बर्फ पाडायला लागला असाल. थांबा जरा. गोंदियात बर्फ फक्त मच्छी मार्केटात दिसतो, तोही भुशात गुंडाळलेला. सांताक्लॉजची वाट पाहत असाल तर तोही येत नाही. येतो तो मी, खांद्यावर माळांची पिशवी आणि दातात सेलोटेप धरून.

मी एका मंडप-डेकोरेशनवाल्याकडे लायटिंगचं काम करतो. डिसेंबरात खरमास लागला की इकडची लग्नं बंद होतात. मग झालरी गोदामात पडून राहतात आणि मी खोलीवर. घर माझं अर्जुनी मोरगावकडे, पण बापानं फोनवरच सांगितलं होतं की धानाचं काम चालू आहे, तू येऊ नको, तू आला की सारे मजूर तुझ्या नकला पाहत बसतात. शाळेतले दोस्त सगळे पुण्या-हैदराबादला. त्यांच्या ग्रुपवर मी नकला पाठवत राहतो, बसचा कंडक्टर, आमचे हेडमास्तर, तहसीलचा शिपाई. आधी ते हसायचे, उलट फोन करायचे. आता अंगठा पाठवतात. एका संध्याकाळी काही सुचत नव्हतं म्हणून आईच्या आवाजात स्वतःलाच म्हटलं, "जेवून घे ना रे बापू." आवाज इतका बरोबर निघाला की मी वळून दाराकडे पाहिलं. त्या दिवसापासून आईची नक्कल बंद केली.

तर अशात मॅडमचा फोन आला. मॅडम आम्हाला आठवीपासून इंग्रजी शिकवायच्या. शाळेसाठी मी तेव्हाच गोंदियात आलो, त्यांच्याच मोहल्ल्यात राहिलो, आजही माझी खोली तिथंच आहे. मूळच्या नगरकडच्या, मराठी अशी की इस्त्री करून घडी घातलेली. त्यांचे मिस्टर रेल्वेत गार्ड होते, म्हणून इकडे आले आणि लाइनीच्या मागं घर बांधून इथलेच झाले. आम्ही पोट्टे त्यांना गार्डकाका म्हणायचो. काका मागच्या वर्षी गेले. पोरगी, म्हणजे आमची ताई, बंगलोरला असते. मॅडमची नक्कल केली म्हणून मी वर्गाबाहेर इतक्या वेळा उभा राहिलो आहे की त्यांचं नाव फोनवर दिसताच मी पहिले चप्पल काढून सरळ उभा झालो.

"तुझ्याकडे लाइटच्या माळा असतात ना? घरात लावायच्या आहेत. आतून. बाहेर एकही नको."

नाताळच्या दुपारी गेलो. आता आमच्या धंद्यात आतून लाइट लावत नाहीत. रस्त्यावरून दिसली पाहिजे, तिकडच्या चौकातून माणसानं विचारलं पाहिजे की कोणाकडे लग्न आहे बावा, तर ती लायटिंग. आतून लावलेली लाइट आतल्या माणसालाच दिसते, आणि त्या घरात माणूस एकच होता. पण हाताला जे येते तेच हात करतो. मी दोन खुर्च्या एकावर एक ठेवून चढलो आणि समोरच्या खोलीत लग्नाचंच काम केलं. छतापासून चारी भिंतींवर पाण्यासारख्या माळा सोडल्या, आतल्या खोलीच्या दाराला गेट, म्हणजे माळांची कमान, काढलं, मधल्या खिळ्याला लाल गोंडा.

मॅडमनी चष्मा वर करून पाहिलं. "हे काय, सासरी पाठवतोयस का मला?"

मी म्हटलं, मॅडम, फक्त घोडा तेवढा आणायचा राहिला. त्या हसल्या नाहीत. खुर्चीवर बसल्या आणि मग खरं काम सांगितलं. ताईचं बाळ लहान, यंदा तिला येता येत नव्हतं. तिनं आईला साफ सांगितलं होतं की सणासुदीलाही तू त्या घरात एकटी बसणार असशील तर मी तुला इकडे घेऊन येते, घर विकून टाकू. मॅडमना जायचं नव्हतं. म्हणून त्या बोलून बसल्या होत्या की छे, एकटी कुठली, चर्चमधली दहा-बारा माणसं येणार आहेत जेवायला. प्रत्यक्षात चर्चमधली अर्धी घरं आपापल्या गावाला गेलेली आणि पास्टर सकाळची प्रार्थना आटोपून पुढच्या गावाला निघून गेलेले. संध्याकाळी ताईचा व्हिडिओ कॉल येणार होता.

"मी तिला ही खोली दाखवीन, लायटिंग दाखवीन. माणसं आत जेवतायत म्हणून सांगीन. तू आतून आवाज काढ." मग म्हणाल्या, "माझ्या तासाला काढायचास ना? आज काढ."

आता खरं सांगू का, मला आनंद झाला. कितीतरी दिवसांनी कोणाला माझा आवाज पाहिजे होता.

अंधार पडला, मॅडमनी बटण दाबलं, खोली लग्नघरासारखी उजळली. नवी साडी नेसून त्या मधोमध उभ्या राहिल्या. अंगावर लाल-हिरवे ठिपके सरकत होते आणि त्या इकडे-तिकडे पाहत होत्या, जशी पाहुणी बाई पाहते. मी दोन स्टीलची ताटं आणि चमचे घेऊन आतल्या खोलीत गेलो.

फोन वाजला. "मेरी ख्रिसमस" झालं, बाळाचं तोंड पाहणं झालं. ताई म्हणाली, किती मस्त सजवलंय गं. मी ताटं वाजवली आणि सुरू झालो. आधी पास्टरसाहेब, घसा साफ करून, हळू. मग एक हिंदीवाले अंकल, "अरे भैया, चावल और लाओ इधर." मग एक म्हातारी, "काऊन वं, तू काही घेऊनच नाही राहिली?" मग तिची नात, मीठ पाहिजे म्हणून रडणारी. एका तोंडानं सगळी पंगत बसवली. तिकडून ताईचं हसू ऐकू आलं. तिनं विचारलं, एवढे लोक? मॅडम म्हणाल्या, "अगं, बसायला जागा नाही."

आवाज एकमेकाला ओढत होते. माझ्या आजूबाजूला खरंच माणसं बसली आहेत असं मलाच वाटून राहिलं होतं. इतक्या माणसांत बसून जेवलो होतो ते कधी, आठवत नव्हतं. आणि त्या नादात मी न ठरवता खोकलो, दोनदा, जाड, आणि मोठ्यानं म्हटलं,

"गाडी लागली बरं का, चहा टाका."

गार्डकाका ड्यूटीवरून आले की फाटकातूनच असं ओरडायचे. मोहल्ल्यातल्या प्रत्येक पोराला ते पाठ होतं. त्यांच्या तोंडावर नक्कल केली तर काका स्वतःच बिस्कीट द्यायचे.

ताईचं हसू बंद झालं. मग ताई म्हणाली, "आई, फोन आत ने."

मॅडम गेटखालून आत आल्या. स्क्रीनवर मी दिसलो, दोन्ही हातांत रिकामी ताटं, मागे बंद गॅस. ताईनं मला ओळखलं. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "परत म्हण ना एकदा."

मी तोंड उघडलं. खोकलो. पण तो माझाच खोकला होता. कितीही केलं तरी काका पुन्हा निघाले नाहीत.

"राहू दे," ताई म्हणाली. मग आईला अगदी शांतपणे सांगितलं की जानेवारीत मी येते, सामान बांधायला घे. मॅडम वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्या फक्त हो म्हणाल्या आणि बाळाला स्वेटर घाल म्हणाल्या. फोन बंद झाला. समोरच्या खोलीत लाइट लुकलुकत होती, आम्ही दोघं आतल्या अंधारात उभे.

"मी तुला पाहुणे सांगितले होते," मॅडम म्हणाल्या. "नवरा सांगितला नव्हता."

मी सॉरी म्हटलं. मग त्या सुरू झाल्या. चपलेसकट खुर्चीवर चढलास. नवी ताटं एकमेकांवर आपटलीस. सेलोटेपनं भिंतीचा रंग काढलास, आता हे घर कोणाला दाखवायचं तर आधी भिंती रंगवाव्या लागतील. जन्मात कधी सांगितलं तेवढंच केलं नाहीस, आठवीतही नाही. आवाज वर्गातलाच, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मी हात मागे बांधून उभा होतो. मला कळत होतं की त्या थांबल्या की मला खोलीवर जावं लागेल, आणि त्यांना या झगमगीत एकटं बसावं लागेल, आणि जानेवारीनंतर लाइनीच्या मागं मला नावानं हाक मारून बोलणारं कोणी नसेल. म्हणून त्या दम घ्यायला थांबल्या तेव्हा मी मुद्दाम म्हटलं की मॅडम, रंग तर पहिलेपासूनच निघालेला होता.

"वर तोंड करून बोलतोस," मॅडम म्हणाल्या, आणि चपलेपासून पुन्हा सुरू झाल्या.