वीरप्पा वकिलांची बत्तीस पानं

वीरप्पा वकिलांनी धाराशिवच्या अदालतीत अठरा वर्षं बांध, विहिरी आणि वाटण्यांचेच दावे चालवले. खुनाचा पहिला खटला त्यांच्याकडं आला १९४३ साली, तोही बाकीच्या वकिलांनी हात झटकल्यावर. तामलवाडीकडचे बडे जमीनदार आण्णासाहेब भर दुपारी मळ्यात कुऱ्हाडीनं मारले गेले होते आणि त्यांचा सालगडी उत्तरेश्वर पकडला गेला होता. आण्णासाहेबांच्या घराण्याशी वाकडं घ्यायला कुणी धजेना. "मी खटला घेतला तो शूर म्हणून न्हाय," वीरप्पा पुढं स्वतःच सांगत, "सोलापूरच्या पेपरात नाव येईल म्हणून."

नाव आलं. पण त्याच पेपरांनी उत्तरेश्वरला नराधम ठरवलं होतं, आणि बाजारातल्या शाहिरानं तर त्याला पोवाड्यात फाशीही देऊन टाकली होती. दाढी करताना न्हावी म्हणाला, "साहेब, मेलेल्या माणसाची वकिली घेतलीत."

याची काळजी करायची सोडून वीरप्पांनी नवी शेरवानी शिवायला टाकली. रोज सकाळी ते पेपरातली कात्रणं वहीत चिकटवायचे आणि आरशापुढं अदालतीच्या भाषेत, उर्दूत, भाषण घोकायचे. बत्तीस पानं आणि सहा शेर.

त्यांची बायको सिद्धम्मा भाकरी थापत ऐकायची. एकदा तिनं विचारलं, "त्या गड्याच्या घरच्यांशी बोललात का?"

"अख्खी मिसल वाचलीय मी, खटल्याचे सगळे कागद."

"मिसल पोलिसांनीच लिहिली न्हवं?"

वीरप्पांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. ते तसेच उठून तुरुंगाकडं गेले. दाराशी एक बाई बसली होती. अर्ज लिहून मागणारी कुणीतरी असेल, असं समजून अदालतीत जाता-येता ते तिला याआधी तीनदा ओलांडून गेले होते. आज विचारलं, तर ती उत्तरेश्वरची बायको, द्वारकाबाई निघाली.

उत्तरेश्वरविरुद्ध साक्षीदार एकच होता, शिवप्पा कापडवाला. सोलापूरहून येताना, ऐन दुपारी, रक्ताळलेली कुऱ्हाड घेऊन मळ्यातून पळणारा उत्तरेश्वर आपण पाहिला, असं त्यानं लिहून दिलं होतं. वीरप्पांनी ते सांगताच द्वारकाबाई म्हणाली, "त्या दुपारी शिवप्पाशेट करोडगिरीच्या नाक्यावर लिंबाखाली बसले हुते. इंग्रजी मुलखातून आणलेलं कापड जकातीसाठी अडवलं हुतं त्यांचं. म्या तिथं ताक इकते. खुनाची बातमी आली तवा ते माझंच ताक पीत हुते."

"हे कुणाला सांगितलं का न्हाईस?"

"ठाण्याच्या पोलीस अमीनसाहेबांना सांगितलं, त्यांनी हाकललं. तुमाला सांगाया तीनदा उठले. तुमी लई घाईत हुता."

वीरप्पा मान खाली घालून नाक्यावर गेले. तिथल्या कारकुनानं नोंदवही काढली. कापड अकरा वाजता अडवलं, चार वाजता सोडलं, खाली शिवप्पाची सही. त्यांनी ती वही अदालतीत मागवून घेतली.

खटल्याच्या दिवशी माणसं झाडांवरसुद्धा चढून बसली होती. ती गर्दी बघून वीरप्पांचं सगळं शहाणपण पुन्हा उडालं. शेरवानी सावरून त्यांनी पहिला शेर सुरू केला, आणि नेमका विसरले.

जज्जसाहेब म्हणाले, "वकीलसाब, मुशायरा जुम्मे को है. यहाँ सवाल पूछिए."

अदालत खदखदून हसली. वीरप्पांचे कान तापले. त्यांनी बत्तीस पानं बाकावर ठेवली आणि शिवप्पासमोर वही धरली.

"ही सही कुणाची?"

शिवप्पानं सहीवर बोट ठेवलं. "माझीच."

"मग त्या दुपारी मळ्याजवळ कोण होतं?"

"मला काय ठाव? कापड सुटत नव्हतं. अमीनसाहेब मळ्यावरून नाक्यावर आले, म्हणाले, गवाही दे, सुटंल."

पुढं विचारण्यासारखं काही उरलंच नाही.

उत्तरेश्वर सुटला. बाहेर येऊन तो शिपायाच्या पाया पडला, मग वही घेऊन आलेल्या कारकुनाच्या. वीरप्पा जरा पुढं सरकून उभे राहिले. तेव्हा द्वारकाबाई नवऱ्याला म्हणाली, "ह्यांच्याबी पाया पडा. ह्ये तुमचे वकील."

आण्णासाहेबांना कुणी मारलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. उत्तरेश्वरला गावात काम मिळेना, तेव्हा वीरप्पांनी त्याला आपल्या नळदुर्गच्या शेतावर ठेवलं. पुढं त्यांनी खुनाचे आणखी चार खटले चालवले. दरवेळी ते आधी गावी जाऊन आरोपीच्या घरी बसत, चहा पीत, आणि बायकांना विचारत, "तुम्ही काय बघितलं?"