वाघ शेवटी सांगणारे व्हेनभाऊ

व्हेनभाऊंना ‘जेवलात का?’ एवढंच विचारलं तरी उत्तर आंघोळीपासून सुरू व्हायचं. जेव्हा पाणी तापत होतं, तेव्हा जी लाकडं ओली होती ती धुपली, आणि ती धुपत असताना शेजाऱ्याचा जो बोकड आहे तो अंगणात शिरला... असं करत करत गाडी ताटापर्यंत पोचायची, तोवर विचारणारा घरी जाऊन, जेवून, हात धुवून परत आलेला असायचा.

खरं नाव त्यांचं वेगळं होतं, पण ते रेशनकार्डावरच राहिलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या जंगलाच्या गेटवर ते गाइड होते. मीही त्याच गेटवर गाइड आहे आणि मला येतं तेवढं इंग्रजी त्यांनीच शिकवलेलं आहे. बोलणं लांबवायच्या त्यांच्या या सवयीपायी एकदा माझी आई वाघाच्या पुढ्यात जाऊन पोचली, म्हणून मी त्यांच्यावर आजही थोडी रागावलेली आहे. थोडीच.

शाळा त्यांची सातवीतच सुटली. इंग्रजी ते जिप्सीत बसून शिकले, आणि तेही शब्द पाठ करण्यापेक्षा कान देऊन. बाहेरदेशचे पाहुणे फेरीहून परतले की चहा घेता घेता एकमेकांना वाघ सांगायचे, तेव्हा हे कोपऱ्यात उभं राहून ऐकायचे. त्यांच्या लक्षात आलं की हे लोक वाघ पाहून आले तरी सांगताना लगेच वाघाला हात लावत नाहीत. एखादी बाई सांगायची, आम्ही वळणावर येत असताना, जिथे बांबू दाट आहे, माझ्या थर्मासचं झाकण पडलं म्हणून मी खाली वाकले होते तेव्हा, वानर जे मघापासून ओरडत होतं ते अचानक गप्प झालं आणि... आणि मग वाघ. आमचे बाकीचे गाइड मात्र सांगायचे, “टायगर केम. टायगर गो.” पाहुण्यांचे चेहरे पडायचे.

“तुमी पावण्याले आंगणातच ढकलून देता,” भाऊ आम्हाला म्हणायचे. “आधी आंगण सारव, खाट टाक, पाणी दे. मंग पावणा आपोआप बसते. इंग्रजीत ‘व्हेन’ म्हंजे आंगण सारवनं हाय.” मग डोळे मिटून ते दाखवायचे, “व्हेन वी वेअर कमिंग, व्हाइल द लंगूर वॉज कॉलिंग, अंडर द ट्री विच इज व्हेरी ओल्ड...” आणि तिथंच थांबायचे. समोरचा माणूस पुढे सरकून बसला की त्यांना समाधान. कित्येकदा तर फेरीत वाघ दिसायचाच नाही. भाऊ मागच्या वर्षीचा वाघ त्याच वळणावर असा सांगायचे की पाहुणे आपणच पाहिल्यासारखे खूश होऊन उतरायचे.

अडचण एवढीच, की ही खोड त्यांनी गेटवर ठेवली नाही, सायकलवर घालून घरी नेली. एकदा त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, चुलीपाशी बसून विचारलं, मीठ आणलं का. भाऊ सुरू झाले, “जवा मी दुकानात गेलो, तवा जो दुकानदार हाय, ज्याची पोरगी वरोऱ्याले देली...” काकूंनी पळी खाली ठेवली. “आनलं का नाई, तेवढं सांगा. पोरीचं जेवताना आयकतो.” मीठ आणलेलं नव्हतं. वरोऱ्याच्या पोरीचं सगळं कळलं.

आमच्या गावाची सांगायची रीत याच्या नेमकी उलटी. जंगलातून येणारा माणूस पहिल्या घरापाशीच, रामराम करण्याआधी, पाणी पिण्याआधी, ओरडून सांगतो, “जनावर नाल्यावर!” वाघाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. बाकी तो कुठं गेला होता, काय करत होता, ते नंतर ज्याला हवं त्यानं विचारावं. यात कुणाला मजा येत नाही, आणि यावी अशी कुणाची अपेक्षाही नसते.

मोहफुलांचे दिवस होते आणि जंगल फिरायला बंद असण्याचा वार, म्हणून भाऊ घरी होते. पहाटे ते फुलं वेचायला एकटेच गेले आणि रिकामी टोपली घेऊन झपाझप परत आले. माझी आई तेव्हा टोपली काखेत घेऊन निघालेली, मी विहिरीवर पाणी ओढत होते. आईनं विचारलं, “काऊन भाऊ, लवकर आले?”

“वैनी, जवा मी घरून निघालो,” भाऊ म्हणाले, “तवा चांदनी डोक्यावर होती. अन् जो आपला वाकडा मोहा हाय नाल्याच्या अंगाला...”

आई भाऊंना वीस वर्षं ओळखत होती. त्या मोहापर्यंत यायला त्यांना अर्धा तास लागणार हे तिला ठाऊक होतं, आणि उन्हं चढली की फुलं सुकतात. “आल्यावर आयकतो,” म्हणून ती निघून गेली. भाऊंनी काय करावं? समोरची बाई गेली म्हणून वाक्य अर्धवट टाकवेना. ते आमच्याकडे वळले आणि चांदणीपासून पुन्हा धरलं. आम्ही चार बाया बादल्या टेकवून हसत ऐकत होतो. गोष्टीत मोहाखाली पाला वाजला, भाऊ थांबले, टोपली खाली ठेवली, आणि जेव्हा वर पाहिलं तेव्हा...

“तवा जनावर बसून होतं. पिलं होती संगं.”

माझ्या हातातला दोर सुटला. “भाऊ, आई कुठी गेली?”

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. गोष्ट कुठं संपते ते त्यांनाही त्याच क्षणी कळल्यासारखं दिसलं. आम्ही बादल्या बडवत, ओरडत धावलो. सगळ्यांच्या पुढे अनवाणी भाऊ होते, आणि तोंडात एकच शब्द, “जनावर! जनावर!” आई वाकड्या मोहाखाली वाकून फुलं वेचत होती, नाल्याकडे पाठ करून. गलका ऐकून ती उभी राहिली. पलीकडच्या झुडपात काहीतरी पिवळं उठलं आणि पिलांना घेऊन संथपणे खाली उतरून गेलं. आईनं ते पाहिलं आणि ती जागीच बसली. तिला धरून आम्ही घरी आणलं.

संध्याकाळी भाऊ आमच्या घरी आले. ओसरीवर बसले, टोपी काढून हातात घेतली. “वैनी, जवा सकाळी तुमी...”

“भाऊ,” आई म्हणाली, “शेवटचं आधी सांगा.”

भाऊंनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, “चुकलो, वैनी.”

माझं डोकं अजून तापलेलं होतं, मी बोलणारही होते. पण आईनं त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. “झालं. आता सांगा चांदनीपासून. आता मले कुठी जायचं नाई.” आणि भाऊंनी सगळं सांगितलं, आईनं सगळं ऐकलं, बोकडासकट.

त्यानंतर गावात शिरताना भाऊ जनावर आधी सांगू लागले. इतके की काही दिसलं नसलं तरी पहिल्या घरापाशी ओरडायचे, “जनावर नाई!” पोरं त्यावरूनही हसायची. गेटवर मात्र अंगण सारवणं चालूच होतं, कारण पाहुण्यांना त्या वाटेनं फुलं वेचायला जायचं नसतं.

गेल्या पावसाळ्यात, गेट बंद असताना, भाऊ गेले. तापाचं निमित्त झालं. चंद्रपूरला नेलं, पण उशीर झाला होता. माझी त्यांची सवय अजून मोडलेली नाही. गेट उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात एक इंग्रज बाई माझ्या जिप्सीत बसल्या. दर दोन-तीन वर्षांनी येणाऱ्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि भाऊ कुठे आहेत म्हणून विचारलं.

गावच्या रीतीप्रमाणे एका शब्दात सांगायला हवं होतं. पण बाईंना कुठं जायची घाई नव्हती, आणि त्या एका शब्दाकडे मला जायचं नव्हतं. मी म्हटलं, “व्हेन आय फर्स्ट केम टू धिस गेट...” मग भाऊंची सायकल सांगितली, थर्मासचं झाकण, काकूंचं मीठ, माझी आई. मला जमेल तेवढे ‘व्हेन’ आणि ‘व्हाइल’ लावत गेले, कारण ते चालू होते तोवर भाऊ त्यांच्या आत जिवंत होते. बाई आधी हसत होत्या. मग त्यांना कळलं असावं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मला घाई केली नाही. जंगलातला तलाव येईपर्यंत मी शेवटचं सांगितलं नाही.